मक्याच्या कडेला पालथे बूट

ये वैजू, इथं जवळ येऊन बस. तू अमेरिकेत, मी बंगळुरात, ठाऊक आहे मला. तरी बस. हातातला फोन बाजूला ठेव आणि स्वल्प ऐक माझं. काल पुन्हा तू मला तंबूंचे फोटो पाठवलेस. दसरा होऊन गेला, गोंबे, म्हणजे आपल्या त्या लाकडी बाहुल्या, मी अजून जुन्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळून ट्रंकेत भरते आहे, तेवढ्यात तुझे फोटो हजर. हा बघ आई, याला लाकडी जमीन आहे. याचं बाथरूम आतच आहे, बाहेर जायला नको. याच्यात हीटर आहे, दोन रजया देतात, सकाळी नाश्ता दारात आणून ठेवतात. या वर्षी ये आई, हा त्या वेळच्यापेक्षा कितीतरी बरा आहे.

अगं, शहाणी ना तू? शिकली-सवरलेली, दोन मुलांची आई. दर वर्षी ऑक्टोबर आला की तुझं हे सुरू. कुठल्या कुठल्या शेतातले, तळ्याकाठचे, सफरचंदांच्या बागेतले तंबू तू हुडकत बसतेस. किती हुडकशील? आणि कुणासाठी?

इथं आपल्या कोपऱ्यावर मक्याची गाडी आली आहे. निखाऱ्यावर कणसं भाजतो तोच तो, केस पिकलेत आता त्याचे. काल भाजी आणायला गेले तर म्हणाला, "अज्जी, खारा हाकला?" तिखट लावू का, म्हणून विचारत होता. मी मान हलवली आणि पुढं निघाले. पूर्वी मी उभी राहून एक कणीस खाल्ल्याशिवाय घरी येत नसे, तुला ठाऊक आहे. आता तो कणीस सोलतो ना, वरची वाळकी पानं ओढतो, तो खसखस आवाज झाला की मी पाय उचलते. दात आहेत अजून माझे. कान मात्र नकोसे वाटतात.

हा मोसमच आपल्या घराला असा आहे. लोकांकडं दसऱ्यानंतर दिवाळीची तयारी चालते, आपल्याकडं तुझ्या अण्णांच्या जाण्याची चालायची. सर्वे खात्यातला माणूस. पाऊस उघडला की जमीन मोजायला बाहेर पडायचं आणि उन्हाळा डोक्यावर आला की परतायचं. त्याला ते फील्ड सीझन म्हणायचे. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं हातावर ठेवून थोरामोठ्यांना नमस्कार केला, की दुसऱ्या दिवशी हिरवी लोखंडी ट्रंक खाटेखालून बाहेर. चिकपेटेतून मी सुती दोरीची बंडलं, सुया, जाड दोरा आणून ठेवायचे. शिवाजीनगरच्या मोच्याकडून बुटांना नवे तळ लागून यायचे. मग जीप यायची आणि घर रिकामं. तू लहान होतीस तेव्हा विचारायचीस, "अण्णा तंबूत राहतात म्हणजे सर्कशीत आहेत का?"

मला त्या तंबूचं भारी कुतूहल. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणत होते, एकदा मला न्या. ते म्हणायचे, "तुला सोसायचं नाही ते. वारा, विंचू. बाईमाणसाला आडोसा नाही."

"मग गंगव्वा बाईमाणूस नाही का?"

गंगव्वा म्हणजे तंबू ठोकणाऱ्या सिद्दप्पाची बायको. छावणीत सगळ्यांच्या भाकऱ्या तीच भाजायची. तिचं नाव काढलं की हे हसायचे आणि विषय बदलायचे. कितीतरी हिवाळे असे गेले. मग ते रिटायर झाले, तंबू संपले, आणि मी तंबू पाहिला नाही तो नाहीच.

तंबूतली एक सवय मात्र त्यांनी घरी आणली. बूट काढले की एकमेकांवर आपटायचे आणि पालथे ठेवायचे. रानात विंचू आत जाऊन बसतो म्हणून. इथं दुसऱ्या मजल्यावर, मोझेकच्या फरशीवर कुठला विंचू? पण नाही. तुझी आजी, माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावायच्या. "अरे, पालथं पायताण म्हणजे घरात भांडण! सरळ कर आधी."

"अम्मा, भांडण परवडलं. विंचू नको."

मग कुणी तरी जाऊन सरळ करायचं. आधी मी करायचे. नंतर तू. रांगायचीस तेव्हापासून, अगं. अण्णा आले की दुडदुडत दाराशी जायचीस, तुझ्या डोक्याएवढा एकेक बूट, तो दोन्ही हातांनी उलटवायचीस आणि टाळ्या पिटायचीस. सासूबाई म्हणायच्या, "शाणी माझी बाळी." सगळं घर हसायचं. मोठी झालीस, बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून ट्राफिकमध्ये रडकुंडीला येऊन घरी पोचायचीस, हातात बॅग, कानाला फोन, आणि पायानंच त्यांचा बूट सरळ करून आत यायचीस. तुझं लक्षसुद्धा नसायचं. आपल्या हाडात गेलेली गोष्ट ती.

अण्णा विसरायला लागले ते हळूहळू. आधी नावं, मग रस्ते. ज्या माणसानं अर्ध्या कर्नाटकाची जमीन पायाखाली घातली, त्याला शिवाजीनगरच्या बसस्टँडवरून घराकडं वळायचं कुठं ते कळेना. मग आठवणीतून माणसं गेली. तुझ्याकडं आलो तेव्हा विमानतळावर तू धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडलीस, आणि तू हातातली बॅग घेतल्यावर ते म्हणाले, "थँक्यू, मॅडम." तू हसलीस. घरी जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडलीस. नळाचा आवाज मोठा आणि तुझा त्याहून मोठा, मी बाहेरच उभी होते.

तेव्हाच तुझ्या मनानं घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या गोष्टी दाखवा, कधी कधी धागा सापडतो. तू म्हणालीस, "आई, अण्णांना तंबूत नेऊ या. तंबूत त्यांना एकदा तरी आठवेन मी." तुला फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'वैजू' ऐकायचं होतं.

मग काय ते शोधणं तुझं! जेवताना फोन, झोपताना फोन. तळं जवळ नको, अण्णा चालत जातील. हायवे नको. पायऱ्या नकोत, असल्या तर कठडा हवा. बाथरूम आत हवं. शेगडी उघडी नको. पलंग उंच नको. कितीतरी जागांना तू फोन केलेस, तिथल्या बायकांना एकेक गोष्ट विचारलीस. शेवटी आयोवातली ती जागा सापडली. डोना नावाच्या म्हातारीचं शेत. नवरा गेल्यावर तिनं एका तुकड्यात तंबू उभारले होते, पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. सपाट जमीन, पाणी नाही, रस्ता लांब. बाकी चहूकडं मका. फोटोत तो सोन्यासारखा दिसत होता. तू म्हणालीस, "व्ह्यू तर बघ, आई."

मक्याला कोण घाबरतं, सांग मला? मक्याला घाबरायचं असतं हे कुणी शिकवलं होतं आपल्याला?

तो तंबू मी पाहिला आणि मला हसूच आलं. अगं, तंबू कसला, चामराजपेटेतल्या लग्नाच्या हॉलमधली नवरीमुलीची खोली होती ती. गालिचा, पलंगाला लोडासारख्या उशा, आरसा, कोपऱ्यात टेबलावर सुकलेली फुलं, छताला दिव्यांची माळ. कापड तेवढं तंबूचं. मी गालिच्यावर पाय टेकवला आणि मनात म्हटलं, आयुष्यभर यांच्यामागं लागले होते, अखेर आले बाई तंबूत. तू त्यांच्या तोंडाकडं बघत होतीस. ते पाव्हण्याच्या घरी बसल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. मग उठून बाहेर गेले आणि तंबूभोवती वाकून वाकून हातानं काही चाचपायला लागले.

"खुंट्या कुठं आहेत? चर कुणी खणला नाही? पाणी आत येईल," म्हणाले.

तो तंबू लाकडी फळ्यांवर होता. खुंट्याही नव्हत्या, चरही नव्हता. तू म्हणालीस, "अण्णा, इथं पाणी येत नाही हो." ते तुझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही नव्या आहात का खात्यात?"

त्या दुपारी तू सामान आणायला गावात गेलीस. आता जे सांगते ते मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. का नाही, ते शेवटी कळेल तुला, किंवा नाही कळणार. मी त्यांच्या पायाला तेल चोळत बसले होते. ऊन कापडातून आत आलं होतं, सगळं पिवळं पिवळं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "गंगव्वा, ऊटा आय्ता?" जेवलीस का, म्हणून विचारलं. कन्नडात. आमच्या दोघांत कधी कन्नड नव्हतं, वैजू. दारापलीकडं कन्नड, दाराच्या आत मराठी. भांडलो तेसुद्धा मराठीत. तेव्हा मला कळलं की मी दाराबाहेर आहे.

मी म्हटलं, "आय्तु, साहेब." झालं जेवण. दुसरं काय म्हणणार?

मग ते बोलायला लागले. सावकाश, शब्द जुळवत. घरी बायको आहे म्हणाले, बंगळुरात. फार दिवसांपासून म्हणते आहे, तंबू दाखवा. पण या फाटक्या तंबूत तिला कसं आणू? इथं ना धड झोपायला, ना आडोशाला. जरा बरा, सोयीचा तंबू मिळाला की आणीन. गादी असलेला. "येईल का गं ती?" त्यांनी मला विचारलं.

मी त्या गादीवर बसले होते. तेलाचे हात घेऊन.

मी म्हटलं, "येईल की, साहेब. आणा एकदा."

"बघू," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मला त्या बाईचा हेवा वाटला, वैजू. बंगळुरातल्या त्या बाईचा. तिची कुणी तरी एवढी काळजी करत होतं आणि तिला ते कधी कळलं नाही. आणि राग आला, खोटं का सांगू? मग तेव्हाच का नाही बोललास रे बाबा, असं वाटलं. पण कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू ती रोज उगाळतेस. तरी मी सांगते, कारण तू ती चुकीची उगाळतेस.

मी अंघोळीला गेले होते. अण्णा बाहेर फळ्यांवर खुर्चीत होते, अंगावर शाल. गार वारा होता म्हणून तू गाडीतून त्यांची कानटोपी आणायला गेलीस. गाडी काही लांब नव्हती. परत आलीस तर खुर्ची रिकामी. इकडंतिकडं बघितलंस, आणि तंबूमागं, मक्याच्या कडेला, त्यांचे बूट दिसले. पालथे. शेजारी शेजारी, नीट.

तू चालत गेलीस, ते सरळ केलेस, उचललेस, आणून तंबूच्या दाराशी ठेवलेस. वाटलं, बूट काढून अनवाणी आत गेले असतील. मग मला हाक मारलीस, "आई, अण्णा आत आहेत ना?"

नव्हते ना.

काय झालं असेल ते मला कळतं आता. गादी-गालिच्याचा तो तंबू त्यांना तंबू वाटलाच नाही. ते आपला तंबू हुडकायला निघाले. मक्याच्या दोन ओळींमध्ये सावली, वर पानं एकमेकांवर टेकलेली, आत अंधार. तो त्यांना आपला तंबू वाटला. दाराशी काढतात तसे बूट काढले, आपटले असतील, पालथे ठेवले, आणि आत गेले.

तू धावलीस. पण कुठून धावणार? बूट नेमके कुठं होते ते तुला आठवेना. तो मका बाहेरून कुठूनही सारखाच. प्रत्येक ओळ दुसरीसारखी. तू एका ओळीत शिरायचीस, हाका मारत जायचीस, परत यायचीस, दुसऱ्या ओळीत. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. आणि तो आवाज. चिकपेटेत दुकानदार एकावर एक नव्या कडक साड्या झटकून उलगडतो ना, तसा. चहूकडून. माणसाची हाक त्यात बुडायची.

डोना आली. तिनं तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता फोन लावला. शेजारच्या शेतात कापणीचं यंत्र चालू होतं, ते तिनं थांबवायला लावलं. यंत्र थांबलं तेव्हा मला कळलं की इतका वेळ ते चालू होतं, आणि कुठल्या दिशेला होतं. डोनानं मला धरून खुर्चीत बसवलं, त्याच खुर्चीत. तिचा हात खरखरीत होता, भाकरी थापणाऱ्या बाईसारखा. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की मका उभा असला की आम्ही आमच्या पोरांनाही आत सोडत नाही. आत जाणाऱ्या माणसाला वाटतं पलीकडं निघू, आणि पलीकडं नसतंच. हे तिनं आम्हाला आधी का सांगितलं नाही? अगं, तिला कुठं वाटलं सांगावंसं? विंचवाचं कुणी पाव्हण्यांना सांगतं का?

गावातली माणसं गोळा झाली. कुणी तरी आकाशात ते गुणगुणणारं कॅमेऱ्याचं यंत्र उडवलं. ऊन कलायला लागलं तेव्हा सापडले. ओळीच्या पार टोकाला बसले होते. मोज्यांच्या चिंध्या, तळपाय चिरलेले, ओठ निळे, शाल कुठं तरी पडलेली. आणि वैजू, ते सरळ एकाच ओळीत गेले होते. इकडं नाही, तिकडं नाही. मोजणीचा माणूस. ज्या ओळीच्या तोंडाशी बूट होते, त्याच ओळीत.

हे तू हेरलंस. मी बोलले नाही, तूच हेरलंस. बूट तिथंच राहिले असते तर त्या ओळीत जाऊन लगेच त्यांना आणलं असतं. होय, आणलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही. तू लहान नाहीस.

दवाखाना, खोकला, ऑक्सिजन. मग ते परतीचं विमान, ज्यात त्यांनी एकदाही डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं नाही. घरी आल्यावर अंथरूण धरलं ते धरलंच. संक्रांतीच्या आधीच गेले. त्या वर्षी मी एळ्ळु-बेल्ल केला नाही. शेजारणींनी वाट्यांतून तीळ-गूळ-खोबरं आणून दिलं, ते तसंच मुंग्यांनी खाल्लं. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझंही नाही. शेवटी शेवटी नुसतं "खुंटी, खुंटी" म्हणायचे आणि चादरीची कड चाचपायचे.

तू दिवसकार्याला आलीस. दारात तुझी चप्पल काढलीस आणि उभीच राहिलीस. दाराशी त्यांचे बूट होते, कुणी तरी येताजाता सरळ केलेले. तू त्यांच्याकडं बघितलंस आणि चप्पल हातात धरून आत आलीस, लेकरासारखी. त्यानंतर तू आली नाहीस. कामं आहेत, मुलांच्या शाळा आहेत, सरी, बरं बाई, ऐकते मी. पण दर ऑक्टोबरला तंबू पाठवतेस. तुला वाटतं, एखादा इतका चांगला तंबू सापडेल, इतका मऊ, इतका ऊबदार, की मी त्यात एक रात्र झोपले की तो दिवस पुसला जाईल.

नाही पुसला जात गं. आणि मी येणार नाही. माझा तंबू बघून झाला. सोयीचा होता. तूच दाखवलास. तुझे अण्णा जन्मभर शोधत होते तसाच होता, गादीचा, आडोशाचा, आणि मी त्यात बसले होते. त्यांना ते कळलं नाही, हे त्यांचं नशीब, आणि माझंही. तुझं नाही. हाही दोष तू अंगावर घेतला असतास, म्हणून आजवर बोलले नाही.

आणि ते बूट सरळ करायला तुला कुणी शिकवलं? आजीनं शिकवलं, मी शिकवलं, या घरानं टाळ्या पिटून शिकवलं. त्या दिवशी मी अंघोळीला गेले नसते तर ते मी सरळ केले असते, तुझ्याआधी. या घरातल्या कुणीही केले असते.

परवा शेजारची नवी सून आली होती. पुण्याची आहे, नवरा-बायको दोघंही आयटीत, तूच जणू. दाराशी थबकली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याकडचे शूज उलटे पडलेत. सरळ करू?"

मी म्हटलं, "असू दे गं. ते तसेच असतात."

"भांडणं होतात म्हणे घरात."

"घरात भांडायला आहेच कोण?" मी म्हटलं. ती हसली. मीही हसले. मग ती गेल्यावर मी ते अण्णांचे बूट पुसले आणि पुन्हा पालथे ठेवले.

म्हणून म्हणते, ते फोटो बंद कर आता. तूच ये. या मोसमातच ये, मक्याची गाडी आहे तोवर. तुझ्यासाठी तंबू नाही, हीटर नाही. जुनी गादी आहे आणि रस्त्यावरून रिक्षांचा आवाज येतो. मी तुला बोलेन, सांगून ठेवते. इतकी वर्षं का आली नाहीस म्हणून बोलेन. तूही बोल. तिथं कशाला आलात म्हण, अण्णांना माझ्या एकटीवर सोडून अंघोळीला कशाला गेलीस म्हण, जे मनात आहे ते म्हण.

आणि दाराशी चप्पल काढशील ना, ती हातात धरून आत आणू नकोस. अण्णांच्या बुटांशेजारी पालथी ठेव. मी हात लावणार नाही. होऊ दे भांडण. लवकर ये.